बापाला जकात चालत नाही

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस, संपत आले की इमामसाहेबांकडे जकातीचे प्रश्न सुरू होतात. सोन्यावर किती, बँकेतल्या ठेवीवर किती, भिशीत अडकलेल्या पैशांचे काय. कल्याण, मुंब्रा, ठाण्यातली राबोडी, कुठल्याही मशिदीत तरावीहनंतर दहा मिनिटे थांबले की ही चौकशी कानावर पडते. त्यात एक प्रश्न दरवर्षी असतोच. विचारणारा बहुधा तिशी-पस्तिशीचा, बऱ्या नोकरीतला मुलगा असतो. ‘वालिद रिटायर झालेत. दरमहा त्यांना पैसे देतो. ते जकातीत धरले तर चालेल का?’

चालत नाही. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात निघते आणि ती कोणाला द्यायची याची यादी ठरलेली आहे. गरीब भावाला देता येते, विधवा बहिणीला देता येते, शेजाऱ्याला देता येते. आई-वडिलांना देता येत नाही, आणि आई-वडिलांनाही ती आपल्या मुलांना देता येत नाही. कारण साधे आहे. गरजू आई-वडिलांचा सांभाळ ही मुलाची आधीचीच जबाबदारी आहे. जे देणे लागतोच, ते दान म्हणून कसे मांडणार? वाण्याची उधारी चुकवून कोणी ‘मी दान केले’ म्हणत नाही.

हा नियम मला नेहमी फिकहच्या किताबातल्या एका कलमापेक्षा मोठा वाटत आला आहे. मुलगा आणि निवृत्त बाप यांच्यात देणारा-घेणारा असे नाते उभे राहू नये, याची ती तजवीज आहे. आणि आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात आज नेमके तेच नाते घरोघरी उभे राहते आहे. मुसलमानांच्या घरात राहते आहे तसेच हिंदूंच्याही.

उर्दूत निवृत्तीला ‘सुबुकदोशी’ असा एक देखणा शब्द आहे. सुबुक म्हणजे हलका, दोश म्हणजे खांदा. खांद्यावरचे ओझे उतरले. मराठीतल्या ‘निवृत्ती’त माणूस व्यवहारातून मागे फिरतो. दोन्ही शब्द ऐकायला शांत आहेत. पण हलक्या खांद्याने घरी येणे सगळ्यांच्या नशिबी नसते. रेल्वे १८५४ साली कल्याणला पोहोचली आणि तेव्हापासून हा पट्टा नोकरदारांचा होत गेला. लोकोशेडमधले फिटर, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले कामगार, मंत्रालयात आणि बँकांत जाणारे डोंबिवलीकर. राज्य सरकारचा कारकून ५८व्या वर्षी आणि रेल्वेचा कर्मचारी ६०व्या वर्षी घरी आला, तरी महिन्याच्या महिन्याला पेन्शन जमा होत राहिली. अशा घरात बाप निवृत्त झाला तरी त्याच्या बोलण्याचे वजन सहसा कमी होत नाही. नातवाच्या शाळेची फीही कित्येकदा तोच भरतो.

दुसरीकडे वागळे इस्टेटमधल्या लहान-मोठ्या कारखान्यांतून निघालेला बाप. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली, तेव्हा निवृत्तीचे वय न होताच घरी बसलेला बाप. त्या कामगारांची देणी पुढे कित्येक वर्षे वादात अडकून राहिली. खासगी नोकरीतल्यांच्या ईपीएस-९५ योजनेत किमान निवृत्तिवेतन ठरले ते २०१४ मध्ये, आणि तेही महिना एक हजार रुपये. हजार रुपयांत डोंबिवलीत रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या तरी येतात का? या बापाला मुलाकडे हात पसरावा लागतो. केंद्राच्या नोकरीत २००४ नंतर आणि राज्याच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे लक्षात घेतले तर पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पांढरपेशा घरांतही दुसऱ्या प्रकारचे बाप वाढणार आहेत. आम्हा चाळिशीतल्यांनी हा विषय दुसऱ्यांचा समजू नये.

आणखी एक बाप आहे. त्याच्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. कल्याण, भिवंडी, मुंब्रा आणि खाली कोकणापर्यंत, आखातात गेलेल्या बापांची एक अख्खी पिढी आहे. कोणी सौदीत ड्रायव्हर, कोणी कुवेतमध्ये एसीचा मेकॅनिक, कोणी दुबईत स्टोअरकीपर. दर वर्षी किंवा दोन वर्षांनी महिना-दीड महिन्याची सुट्टी. तेवढ्यात एखादे लग्न उरकायचे, घराचा स्लॅब टाकायचा, आईला डॉक्टरकडे न्यायचे आणि परत जायचे. मुलांच्या लेखी अब्बा म्हणजे आधी कॅसेटमधला आवाज, मग एसटीडी बूथवरचा, मग मोबाइलवरचा. चॉकलेट, अत्तर आणि ब्लँकेटने भरलेली बॅग. तिथे परदेशी कामगाराला पेन्शन नसते. नोकरी संपली की सेवा संपल्याची एक रक्कम हातात पडते, व्हिसा संपतो, आणि साठीच्या आसपासचा माणूस कायमचा घरी येतो.

तो येतो तेव्हा घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेले असते. कपाटाची किल्ली कुठे असते, गॅस कोणाच्या नावावर आहे, मुलीला कोणते स्थळ का नको आहे, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक. पंचवीस वर्षे ज्याच्या पैशावर घर उभे राहिले, तो घरात पाहुण्यासारखा वावरतो. हा ताण कोणाच्या वाईटपणातून आलेला नाही, म्हणून तर तो बोलून दाखवता येत नाही. मग बाप हुकूम सोडायला लागतो, कारण तेवढेच त्याला जमते. पंख्याचे बटण कोणी बंद केले नाही, भाजी महाग का आणली, मुलगी इतक्या उशिरा का आली. पोरे तोंडावर गप्प बसतात आणि आईकडे तक्रार करतात. बिचारी आई दोन्हीकडचे निरोप पोहोचवत राहते. एका विद्यार्थिनीने मला सांगितले होते, ‘सर, अब्बा परत आले याचा आनंद आहे, पण त्यांच्याशी काय बोलायचे ते मला माहीत नाही.’ तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

डोंबिवलीत हेच चित्र उलटे दिसते. तिथे बाप घरी आहे आणि मूल अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात. रविवारचा व्हिडिओ कॉल, ‘जेवलात का?’, ‘गोळ्या घेतल्या का?’ आणि मग दोन्हीकडे शांतता.

रमजानमध्ये ही अदलाबदल फार स्पष्ट दिसते. ज्या बापाने मुलाला पहिला रोजा धरायला शिकवले, त्या बापाला आता मुलगा सांगतो, ‘अब्बा, शुगर वाढलीय, यंदा रोजा नको.’ म्हणणे योग्यच आहे. कायमच्या आजारामुळे किंवा वयामुळे ज्याला उपास झेपत नाही, त्याने रोज एका गरिबाला जेवू घालावे, याला ‘फिदिया’ म्हणतात. शरीयतने दिलेली ही सोय आहे. पण योग्य गोष्टही कशी सांगायची, हा प्रश्न उरतोच. एका घरात मुलगा डॉक्टरांकडे बापाला घेऊन जातो, त्यांच्यासमोर विचारतो आणि निर्णय बापाला घेऊ देतो. दुसऱ्या घरात सहरीला बापाला उठवलेच जात नाही. सकाळी म्हातारा जागा होतो, तेव्हा घरात सगळ्यांचा रोजा असतो आणि त्याच्यासाठी चहा झाकून ठेवलेला असतो. काळजी दोन्हीकडे आहे. दुसऱ्या घरातल्या बापाला मात्र त्या चहाचा घोट कसा गिळवला असेल, याचा विचार करावा.

कुरआनच्या सतराव्या सूरतमध्ये आई-वडील म्हातारे झाल्यावर त्यांच्याशी कसे वागायचे, हे सांगताना मारहाण, उपासमार अशा मोठ्या गोष्टींपर्यंत जाण्याआधीच एका बारीक आवाजावर बोट ठेवले आहे: ‘उफ’. मराठीत त्याला ‘श्शी’, ‘च्यक’ किंवा नुसता कंटाळलेला उसासा म्हणता येईल. मोबाइलवर पैसे कसे पाठवायचे हे वडिलांनी तिसऱ्यांदा विचारले की आपल्या तोंडून जो आवाज निघतो, तोच तो. ‘राहू द्या, तुम्हाला नाही कळणार, इकडे द्या’ हे त्याचे लांबलेले रूप.

इथवर वाचून निवृत्त वाचक खूश झाले असतील, तर त्यांच्यासाठीही थोडे आहे. बकरी ईदमागची कथा बिगर-मुस्लिम वाचकांनाही ठाऊक असते. हजरत इब्राहिम यांना मुलाची कुर्बानी देण्याचे स्वप्न पडले. पण कुरआनमधला तपशील फार जणांच्या लक्षात राहत नाही. स्वप्न पडल्यावर इब्राहिम मुलाला ते सांगतात आणि त्याचे मत विचारतात. ईश्वराची आज्ञा आहे असे ज्याला वाटते, तो पैगंबर बापही मुलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही. आमच्याकडे मुलीचे कॉलेज, मुलाचे लग्न, घर विकणे, गाव सोडणे, सगळे अब्बांच्या ‘मी ठरवले आहे’वर चालत आले. ज्या घरात बापाने कधी कोणाला काही विचारले नाही, त्या घरात त्याला साठीनंतर कोणी विचारील, ही अपेक्षा कशाच्या बळावर ठेवायची? मुलाच्या पायात बापाची चप्पल येऊ लागली की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे आपल्याकडे म्हणतात. विचारण्याची सवय त्याच वेळी लागायला हवी.

सर्वात अवघड बोलणे घराचे. ठाण्या-डोंबिवलीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत, वन रूम किचनचा वन बीएचके होतो आहे, आणि कागद करण्याच्या निमित्ताने जागा कोणाच्या नावावर हा प्रश्न ऐरणीवर येतो आहे. निवृत्तीचा पैसा हातात आला की बाप भावनेच्या भरात सगळे एका मुलाला देऊन टाकतो. शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आला तेव्हापासून मराठी माणूस या प्रसंगावर रडतो आहे आणि तरीही तेच करतो आहे. माझे स्पष्ट मत आहे: हिबा म्हणा की बक्षीसपत्र, राहती जागा जिवंतपणी कोणाच्या नावावर करू नये. आणि मुलांना काही द्यायचेच असेल, तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातला एक प्रसंग आठवावा. एक सहाबी आपल्या एका मुलाला दिलेल्या भेटीला साक्षीदार व्हा म्हणून त्यांच्याकडे आले. प्रेषितांनी विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले का? उत्तर नाही आले, तेव्हा त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला. आमच्या घरांत इस्पितळात रात्री जागते ती मुलगी आणि फ्लॅट मिळतो मुलाला. या प्रसंगाचा दाखला देणारे वाज मी पुष्कळ ऐकले. तो ऐकून मुलीचे नाव कागदावर घालणारे मोजकेच पाहिले.

देऊन टाकले आणि मुलाने पाठ फिरवली, तर कायदा आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या पातळीवरील न्यायाधिकरणाकडे करता येतो, आणि निर्वाहभत्ता महिना दहा हजार रुपयांपर्यंत ठरवता येतो. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. मध्य प्रदेशातील एका आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला सांगितले. अट कागदावर लिहिलेली असली तर काम सोपे जाते, एवढे मात्र प्रत्येक बापाने लक्षात ठेवावे. अर्ज करणे ही बेअब्रू आहे असे मानून आमच्या मोहल्ल्यातले किती तरी बुजुर्ग मशिदीच्या पायऱ्यांवर बसून दुपार काढतात. ती बेअब्रू असलीच तर त्यांची नाही.

बहुतेक घरांत प्रकरण प्रांताकडे जाण्याइतके बिघडलेले नसते. तिथे मुलगा पैसे देतो, औषधे आणतो, आणि तरी बाप गप्प गप्प असतो. अशा मुलांना एक छोटी गोष्ट सांगायची आहे. ईदच्या नमाजीआधी प्रत्येकाच्या वतीने फितरा द्यायचा असतो. बाप स्वतःचा आणि अजाण लेकरांचा देतो; मूल मोठे झाले की त्याचा त्याने द्यायचा. पण आता कमावता मुलगाच घरातली डोकी मोजतो आणि अब्बांचाही फितरा आपल्याच पाकिटात घालून मोकळा होतो. रक्कम किरकोळ असते. तरी सज्ञान माणसाच्या वतीने फितरा द्यायचा तर आधी त्याची परवानगी घ्यावी, असे उलेमा सांगतात. तेव्हा ईदच्या दोन-तीन दिवस आधी, इफ्तारचे खजूर पुढे करताना विचारून घ्या: ‘अब्बा, तुमचा फितरा मी देऊ, की तुम्ही देणार?’ कदाचित ते म्हणतील, ‘दे तू.’ कदाचित उठून सदऱ्याच्या खिशात हात घालतील आणि यंदा तुमचा, सूनबाईंचा आणि नातवंडांचाही तेच देतील. देऊ द्या त्यांना.