ओ.डी. म्हणजे नेमके काय?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ‘ओ.डी.’ ही दोन अक्षरे बहुतेक वाचकांनी पाहिली असतील. ‘ऑम्नी डाय’ म्हणजे दररोज, या लॅटिन शब्दांचे हे लघुरूप. औषध दिवसातून एकदा घ्यावे, असा त्याचा अर्थ.

हीच अक्षरे नेत्रतज्ज्ञांच्या कागदावर आली की ‘ऑक्युलस डेक्स्टर’, म्हणजे उजवा डोळा होतात. अपघात विभागात ओ.डी. म्हणजे औषधाचा अतिडोस. बँकेत तो ओव्हरड्राफ्ट आणि हजेरीपटावर ‘ऑन ड्यूटी’! बँकेतला किंवा कचेरीतला घोटाळा दुसऱ्या दिवशी निस्तरता येतो. पोटात गेलेल्या गोळीचे तसे नाही.

काचबिंदूचे उदाहरण घ्या. थेंबांच्या नावापुढे ओ.डी. लिहिले आहे. रोज एकदा दोन्ही डोळ्यांत घालायचे, की फक्त उजव्या डोळ्यात? नांदेडला डोळे दाखवून सेनगावच्या खेड्यात परतलेल्या आजोबांनी ही शंका कोणाला विचारावी? डावा डोळा औषधावाचून राहिला आणि काचबिंदूने नजर गेली, तर ती पुन्हा येत नाही.

घाईच्या अक्षरात ओ.डी.चे बी.डी. होते, म्हणजे दिवसातून दोनदा. मधुमेहाची ग्लिमेपिराइड दुप्पट गेली तर साखर फार उतरून रुग्ण घामाघूम होतो, बेशुद्धही पडतो. हृदयविकारातील डिगॉक्सिन दुप्पट गेले तर मळमळ होते, नाडी अनियमित होते व जिवाला धोका संभवतो. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट तर आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेल्यास तोंड येते, रक्तपेशी घटतात आणि मृत्यूही ओढवू शकतो.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियमांत दुरुस्ती करून औषधांची मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे सांगितले. परंतु नाव सुवाच्य आणि घेण्याची रीत लॅटिनमध्ये, हे काम अर्धेच झाले. दवाखान्यातील गर्दी मी रोज अनुभवतो. तरीही ‘रोज सकाळी एक गोळी’ एवढे मराठीत लिहिण्यास वेळ नाही, ही सबब मला पटत नाही.

वाचकहो, मोंढ्यात हळद विकताना पावतीवरचे वजन समजून घेतल्याशिवाय आपण हलत नाही. मग चिठ्ठीच्या बाबतीत संकोच कशाला? औषध किती, केव्हा, किती दिवस आणि थेंब असल्यास कोणत्या डोळ्यात, हे डॉक्टरांना तिथेच विचारा. औषध दुकानदाराकडून पाकिटावर मराठीत लिहून घ्या. आठवड्याची गोळी असल्यास वारही लिहून घ्या. शंका आली तर अंदाजाने गोळी घेऊ नका व परस्पर बंदही करू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे परत या. विचारणाऱ्या रुग्णावर चिडण्याचा अधिकार आम्हा डॉक्टरांना नाही.