रिलेतला आकडा कोणाच्या सहीने बदलतो?

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या गावात लाईट गेली की बोलणी खातो तो लाईनमन, नाहीतर उपकेंद्रात फोन उचलणारा यंत्रचालक. ब्रेकरला वाहिनी तोडण्याचा आदेश देणाऱ्या रिलेतल्या आकड्याचा विषय या भांडणात निघतच नाही. किती अँपिअरच्या वर प्रवाह गेला आणि किती वेळ टिकला म्हणजे ब्रेकरने वाहिनी तोडायची, हे तो आकडा ठरवतो. माझे म्हणणे एवढेच की हा आकडा तक्रारींच्या दबावाखाली बदलू नये. हिशेब मांडून, जबाबदार अभियंत्याच्या सहीनेच बदलावा आणि वाहिनीवर काही नवे जोडले की पुन्हा तपासावा.

रब्बीत थ्री फेज सुरू होण्याची वेळ पाहा. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. रिलेला हा दोष वाटतो आणि फीडर ट्रिप होतो. दोन-तीनदा असे झाले की सोपा उपाय सुचतो: वेळ थोडी वाढवा. आता आकडे पाहू. नेहमीच्या वक्ररेषेवर वेळेचा गुणक 0.1 असेल, तर ठरवलेल्या प्रवाहाच्या दहापट प्रवाहाला रिले सुमारे 0.3 सेकंदात आदेश देतो, गुणक 0.2 केला की 0.6 सेकंदात. तारेत साठणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि वेळेच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तेवढ्याच दोषात ती दुप्पट झाली. शिवाय फीडरचा आणि त्याच्या मागच्या मुख्य ब्रेकरचा रिले यांच्यात साधारण 0.3 ते 0.4 सेकंदांचे अंतर राखलेले असते, कारण पुढच्या ब्रेकरला उघडायला आणि ठिणगी विझायला वेळ लागतो. पुढचा आकडा वाढवला आणि मागचा तसाच ठेवला, तर हे अंतर संपते. मग शेतातल्या एका दोषापायी मुख्य ब्रेकर पडतो आणि गावठाण फीडरही अंधारात जातो. डीपीवर (गावातल्या रोहित्रावर) फ्यूजऐवजी जाड तार गुंडाळलेली असेल (आणि ती कुठे नसते?), तर सगळा भार या एका रिलेवरच येतो.

मग वेळ शून्यच का ठेवू नये, असे कोणी विचारेल. तसे केले तर वाऱ्याने फांदी टेकली तरी अख्खी वाहिनी जाईल आणि डीपीच्या फ्यूजला वितळायला सवडच मिळणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: माणसे कमी, उपकेंद्रे पुष्कळ, दर वेळी चाचणी विभागाने यायचे कसे? अडचण खरी आहे. पण भार वाढत गेला आणि सेटिंग जुनेच राहिले, तर काय होते हे 9 नोव्हेंबर 1965 रोजी अमेरिका-कॅनडाने पाहिले. ओंटारिओतल्या एका वीजकेंद्राच्या वाहिनीवरचा रिले वाढलेल्या भाराला दोष समजला आणि सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. आपल्याकडे 30 जुलै 2012 च्या रात्री बिना–ग्वाल्हेर ही 400 केव्ही वाहिनी अशीच, दोष नसताना, केवळ भारामुळे तुटली आणि उत्तर भारताचे ग्रिड कोसळले. गावच्या 11 केव्ही वाहिनीवर एवढा अनर्थ होणार नाही, चूक मात्र त्याच जातीची आहे. एक गोष्ट कबूल करायला हवी: कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून इतका कमी प्रवाह जातो की नीट लावलेला रिलेही कधी कधी फसतो. म्हणूनच अर्थ फॉल्टची, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या प्रवाहाची, मर्यादा उगीच वर नेणे जास्त घातक आहे.

ऑटोस्विच काढून टाकण्याचे महावितरणचे आवाहन त्यामुळे रास्तच आहे. मोटारी टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या तर आकड्याला हात लावण्याची वेळच येणार नाही. पण रात्री-बेरात्री वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याने तो स्विच हौसेने लावलेला नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज आली, की ही गरज कमी होईल. मात्र उपकेंद्राच्या 11 केव्ही बाजूला सौर प्रकल्प जोडला की दोषाचा प्रवाह दोन दिशांनी येऊ लागतो आणि जुन्या हिशेबातली गृहीतके बदलतात. तेव्हा प्रकल्प जोडण्याआधी प्रत्येक फीडरचे सेटिंग नव्याने मांडून, तारखेसह आणि सहीसह, उपकेंद्राच्या नोंदवहीत लिहिले जावे.