पाहुण्यांना जवळपास काय दाखवायचं? जासई!

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "गावाकडून पाहुणे आलेत, उलव्याच्या जवळपास काय दाखवू?" दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस. अटल सेतू, विमानतळ, एलिफंटा, पाम बीच, सीवूड्सचा मॉल. खोटं कशाला बोलू, मॉल मीच लिहिला होता.

सगळ्यात शेवटी एका दादांचं उत्तर आलं. मूळचे इथलेच, आगरी समाजातले. दोनच शब्द: "जासईला न्या."

लगेच चार जणांनी विचारलं, "जासईला काय आहे?"

दादांनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी खाली भेटले तेव्हा म्हणाले, "तुमची बिल्डिंग ज्या साडेबारा टक्केच्या प्लॉटवर उभी आहे ना, तो प्लॉट जासईला मिळाला. फुकट नाही मिळाला."

मित्रांनो, आठ वर्षं झाली मला उलव्यात राहायला येऊन. फ्लॅट घेताना 'साडेबारा टक्के' हा शब्द बिल्डर, एजंट आणि बँक अशा सगळ्यांकडून ऐकला. कागदपत्रांतही वाचला. तो आला कुठून, हे विचारावंसं मात्र एकदाही वाटलं नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, पण उलवेकरांनी शेवटपर्यंत वाचावी.

१९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. भाव मिळत होता तो पोटाला पुरणारा नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४, हे दोन दिवस. जासई आणि नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी गेले. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत. धुतुमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर. पागोट्याचे महादेव हिरू पाटील, केशव महादेव पाटील आणि कमलाकर कृष्णा तांडेल.

एकट्या पागोटे गावातले तिघे. गाव केवढंसं, आणि तिथे एकदम तिघांचं सुतक.

त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. विमानतळासाठी जमिनी गेल्या तेव्हा ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेलं. आज उलव्यात ज्या सेक्टरमधून आपण चालतो, तिथे दर दोन-चार इमारतींमागे एक तरी अशा भूखंडावर आहे. म्हणजे आपलं घर या पाच माणसांना काहीतरी देणं लागतं. बँकेचा हप्ता वेगळा आणि हे वेगळं.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे थोर माणसांच्या समाध्यांवरून भांडणं भरपूर होतात. २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या एका कबरीवरून अख्खा महाराष्ट्र तापला. त्याच खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. ज्याने खडकी शहर वसवलं, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि ज्याने त्या शहराला नहरीचं पाणी दिलं, तो माणूस तिथे १६२६ पासून आहे. त्या महिनाभराच्या चर्चेत त्याचं नाव किती वेळा ऐकलंत? भांडायला जी कबर उपयोगी, ती सगळ्यांना पाठ. बाकीच्यांकडे कोण बघतंय?

आणि हे आजचंच नाही. खुद्द शिवरायांची रायगडावरची समाधी झाडाझुडपांत हरवली होती. जोतीराव फुले गडावर गेले, त्यांनी जागा साफ केली, फुलं वाहिली, पोवाडा लिहिला. १८८३ मध्ये जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजाने मुंबईवरच्या पुस्तकात समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे आपल्या लोकांत खळबळ झाली. पुढे टिळकांनी निधी गोळा केला, उत्सव केला. ज्या राजाच्या नावाने आज आपण गाडीवर स्टिकर लावतो, त्याच्या समाधीवर दोनशे वर्षांत ही वेळ आली होती. मग पागोट्याच्या तीन शेतकऱ्यांची काय कथा?

आपल्यात बहुतेक ठिकाणी देह जाळतात आणि अस्थी पाण्यात सोडतात. कबरीत निदान माणूस तरी असतो. आपल्या समाधीत, स्मारकात बऱ्याचदा तोही नसतो. तिथे असते फक्त लोकांनी ठेवलेली आठवण. लोक जायचे थांबले की मागे उरतो तो नुसता चौथरा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या पनवेल तालुक्यात आहे. पनवेल सोडून गोवा रस्त्याने निघालात की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८५७ नंतर इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड उभं करणारा हा माणूस १८७९ मध्ये पकडला गेला. जन्मठेप देऊन त्यांना पाठवलं थेट एडनला, आजच्या येमेनमध्ये. तिथून तुरुंगाचं दार उखडून ते पळाले आणि पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच गेले. वय अवघं ३७. आपल्या मातीत त्यांची राखसुद्धा नाही. आहे ते शिरढोणचं घर आणि स्मारक. आपण मात्र कर्नाळ्याला पक्षी बघायला जातो आणि शिरढोणवरून सुसाट पुढे निघतो. मीही कितीदा गेलोय.

चिरनेरचंही तेच. महागणपतीला संकष्टीला इथून गाड्या भरून जातात. त्याच गावात २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. रानातली लाकूडफाटी हा आमचा हक्क आहे, एवढंच लोकांचं म्हणणं होतं. अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. आगरी, कोळी, कातकरी, सगळे त्यात होते. नाग्या कातकरी हे नाव निदान ऐकलेलं असेल. नसेल, तर आज ऐका. पुढच्या संकष्टीला गणपतीचं दर्शन झालं की हुतात्मा स्मारकावर पाच मिनिटं थांबा. बाप्पा रागावणार नाही.

आणि हो, अलिबाग. बीच, घोडागाडी, मासे. भर गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या सगळ्यांना समुद्रावर पुरून उरलेला हा माणूस १७२९ मध्ये गेला. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला त्यांचं नाव आहे. समाधीवर मात्र शनिवार-रविवारच्या गर्दीतलं किती जण पोहोचतं?

आता कोणी म्हणेल, विमानतळाला दिबांच्या नावासाठी एवढं मोठं आंदोलन झालं, ते काय कमी आहे? कमी नाही. २०२१ ला लोक मानवी साखळी करून उभे राहिले, २०२२ ला विधिमंडळाने ठराव केला. माझाही त्या नावाला पाठिंबा आहे. पण नाव दिलं की काम संपलं, असं नसतं. विमानतळाच्या पाटीवर नाव लागलं आणि खाली उभ्या असलेल्या प्रवाशाला दिबा कोण हे माहीतच नसलं, तर ती पाटी गेटवरच्या नंबरासारखीच.

दादांना मी विचारलं, "तुम्ही लोक आम्हाला कधी सांगितलं का नाही?" ते हसले. म्हणाले, "दर १६ जानेवारीला आम्ही जमतो, भाषणं होतात, रस्त्याला गर्दी होते. तुम्ही टॉवरवाले त्या दिवशी ट्रॅफिकबद्दल तक्रार करता."

खरं सांगतो, उत्तर नव्हतं माझ्याकडे. या वर्षीच्या १६ जानेवारीला मी स्वतः ग्रुपवर लिहिलं होतं, "आज कसला जाम आहे?"

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या. एक, सिडकोने उलव्यातल्या मुख्य चौकांत आणि बामणडोंगरी, खारकोपर स्टेशनबाहेर जासई, चिरनेर, शिरढोणचे दिशाफलक लावावेत. नुसतं 'स्मारक' लिहू नये. तारीख, नाव, गाव लिहावं. दोन, इथल्या शाळांनी वर्षातली एक सहल वॉटर पार्कऐवजी या तीन ठिकाणी न्यावी. एका दिवसात आरामात होते. तीन, आपण सोसायटीवाल्यांनी १६ जानेवारी आणि २५ सप्टेंबरला प्रत्येक इमारतीतून दोन माणसं तरी पाठवावीत. हार नको, बॅनर नको, त्यावर आपले फोटो तर नकोच. फक्त जाऊन उभं राहायचं.

काल मी मुलीला घेऊन जासईला गेलो. उलव्यातून गाडीने किती वेळ लागला सांगू? मॉलच्या पार्किंगमध्ये शिरायला लागतो त्यापेक्षा कमी. तिला पाचही नावं गावासकट मोठ्याने म्हणायला लावली. तिसऱ्यांदा पागोटे म्हणताना ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, परत तेच गाव?"

हो बाळा, परत तेच गाव.

ज्यांचं गाव या ९५ मध्ये आहे, त्यांनी आपल्या गावातल्या हुतात्म्याचं, लढवय्याचं किंवा जुन्या समाधीचं नाव खाली कमेंटमध्ये लिहा. माझं काही चुकलं असेल तर हक्काने सांगा. आणि पाहुणे आले की काय दाखवायचं, ते आता ठरलंय.