किल्ली कोणाच्या कनवटीस?

“लिनक्सवर खेळ ते कसले असणार!” असा उद्गार मित्रमंडळींत आमच्या कानीं वारंवार पडतो. ज्याच्या घरीं लिनक्सचा संगणक आहे त्याच्याकडे, सहलीच्या दिवशीं ज्याच्या डब्यांतून नुसती भाकरी निघावी त्याच्याकडे पाहावें, तसें पाहिलें जातें. हें मत कांहीं अंशीं शिळें झालें आहे व कांहीं अंशीं अजून खरें आहे. पण ज्या अंशीं तें खरें आहे त्याचें कारण फार थोड्यांस ठाऊक असतें. आम्ही ह्या यंत्रावर आवडीनें खेळणारे आहों. म्हणून आमचा अभिप्राय विद्यार्थी बंधुभगिनींपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें मांडूं इच्छितों.

वडील मंडळींसाठीं प्रथम थोडा खुलासा. लिनक्स हा संगणकाचा गाभा, म्हणजे यंत्र व आज्ञावली ह्यांमधील मुख्य कारभारी होय. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें तो १९९१ सालीं लिहिला, व पुढील वर्षीं अशा अटीवर खुला केला कीं, कोणींही तो वाचावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा. मात्र बदललेली प्रत देतांना तीही तशीच खुली ठेवावी. ही अट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्याच भोंवतीं फिरणार आहे.

खेळ करणाऱ्या कंपन्या पहिल्यापासून विंडोजसाठीं लिहीत आल्या, कारण गिऱ्हाइकें तिकडे. १९९८ सालीं अमेरिकेंत लोकी नांवाची एक लहान कंपनी निघाली. दुसऱ्यांचे गाजलेले खेळ लिनक्सवर उतरवून विकावे, हा तिचा धंदा. धंदा चालला नाहीं, आणि २००२ च्या आरंभीं दुकानास कुलूप लागलें. परंतु तेथें काम करणारे सॅम लँटिंगा ह्यांनीं घडविलेलें एस.डी.एल. नांवाचें अवजार मागें उरलें. तें खुलें असल्यामुळें कंपनीबरोबर बुडालें नाहीं, आणि आजही असंख्य खेळ त्यावर उभे आहेत.

आतां दिवस पालटले आहेत. वाईन नांवाचा एक दुभाष्या १९९३ पासून तयार होत आला आहे. खेळ आपल्या विंडोजी बोलींत ‘अमुक खिडकी उघड, तमुक चित्र काढ’ अशी आज्ञा करतो. दुभाष्या ती ऐकून लिनक्सला त्याच्या बोलींत सांगतो. व्हॉल्व्ह कंपनीनें २०१८ च्या ऑगस्टांत ह्या दुभाष्यास आणखी साथीदार देऊन, प्रोटॉन ह्या नांवानें, आपल्या स्टीम ह्या दुकानांत बसविला. २०२२ च्या फेब्रुवारींत तिनें स्टीम डेक नांवाचें जें हातांत धरून खेळण्याचें यंत्र काढलें, त्याच्या पोटांतही लिनक्सच आहे. एकट्यानें खेळावयाचे बहुतेक गाजलेले खेळ आज अशा रीतीनें चालतात, आणि मध्यें दुभाष्या आहे ह्याची खेळणारास पुष्कळदां जाणीवही होत नाहीं.

कांहीं कट्टर मंडळी म्हणतात कीं, ह्या सोयीनें खेळकर्ते आळसावले; लिनक्सची बोली शिकण्याची त्यांस गरजच उरली नाहीं. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु मुद्दाम लिनक्ससाठीं काढलेली प्रत एकदां विकली गेली कीं विसरली जाते, विंडोजच्या प्रतीची डागडुजी मात्र होत राहते, आणि शेवटीं दुभाष्यामार्फत चालणारी प्रतच अधिक सुरळीत चालते, असें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. अशा वेळीं आम्ही बिनदिक्कत दुभाष्याकडे जातों.

मग अडतें कोठें? अडतें तें मुख्यतः जालावर अनेकांनीं मिळून एकमेकांविरुद्ध खेळावयाच्या कांहीं खेळांशीं. ह्या खेळांत लबाडी फार. भिंतीपलीकडचा शत्रू दाखविणारी, नेम आपोआप लावणारी आज्ञावली घेऊन एखादा शिरला कीं बाकीच्यांच्या खेळाची माती होते. म्हणून कंपन्या खेळाबरोबर एक पहारेकरी पाठवितात, आणि कित्येक पहारेकरी थेट संगणकाच्या गाभ्यांत बसण्याचा हक्क मागतात. व्हॅलोरंट ह्या खेळाचा व्हॅनगार्ड नांवाचा पहारेकरी तर विंडोज सुरू होतांच, खेळ उघडण्यापूर्वींच, तेथें ठाण मांडतो. लिनक्सवर तो येत नाहीं; सबब खेळही येत नाहीं. एपेक्स लेजंड्स हा खेळ स्टीम डेकवर चालत असे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या चालकांनीं लिनक्सवाल्यांस दार लावलें, आणि लिनक्सच्या मोकळेपणाचा लबाडांस फायदा होतो असें कारण दिलें.

लबाडांचा बंदोबस्त व्हावा हें आम्हांस मान्य आहे. परंतु पटांगणांत चोरून धांव काढणारा मुलगा सांपडावा म्हणून प्रत्येक मुलाच्या घरच्या तिजोरीची किल्ली पंचांकडे ठेवावी काय? गाभ्यांत बसलेल्यास घरांतील प्रत्येक कप्पा खुला असतो. तो प्रामाणिक असला तरी चुकूं शकतो. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीच्या एका सदोष फाइलीमुळें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानें जमिनीवर राहिलीं, रुग्णालयांची कामें अडलीं. ती आज्ञावली खेळाची नव्हती हें खरें. पण तिचीही बैठक गाभ्यांतच होती. ज्या संगणकावर वडिलांचे पेढीचे व्यवहार चालतात व आपला गृहपाठ राहतो, त्याच्या गाभ्यांत आम्ही एका खेळापायीं कोणास बसूं देणार नाहीं.

ह्याची किंमत मात्र लहान नाहीं, आणि ती लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. वर्गांतील चारचौघे रात्रीं ज्या खेळांत जमतात, त्यांत लिनक्सवाल्या मुलास जागा नसते. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत काल कोणी कोणास कसें गांठलें ह्याच्या गप्पा रंगतात, आणि तो कडेला उभा राहतो. वडिलांनीं ह्याची थट्टा करूं नये. मुलाच्या वयांत ती मोठीच वंचना होय. तथापि इतकें सांगावें कीं, हें दार लिनक्सच्या अंगीं बळ नाहीं म्हणून लागलेलें नसून पलीकडच्यांनीं आंतून लावलें आहे. कारण असेच दुसरे कांहीं पहारेकरी, खेळकर्त्यांनीं परवानगी दिली असतां, गाभ्यांत न शिरतां प्रोटॉनवर काम करतात.

शिवाय त्या दाराआडचें तरी आपलें असतें काय? यूबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ च्या डिसेंबरांत निघाला. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें आपले सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनीं रोख पैसे मोजून तो घेतला होता त्यांच्या हातीं न चालणारी तबकडी उरली. स्टीमच्या दुकानांतही आपण विकत घेतों तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना. प्रोटॉनचें आम्हीं कौतुक केलें, तें ही गोष्ट विसरून नव्हे.

ह्याच्या उलट ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा खेळ पाहावा. डेव्हिड व्हाइट ह्यांनीं तो २००३ सालीं सुरू केला. पुढें ठिकठिकाणच्या हौशी लोकांनीं तो वाढविला. षट्कोनी घरांच्या पटावर दोन सैन्यें पाळीपाळीनें चाल करतात. पहांट, सकाळ, दुपार, सायंकाळ, रात्रीचा पहिला प्रहर व दुसरा प्रहर असें कालचक्र फिरत असतें. सकाळीं व दुपारीं राजनिष्ठ शिपायांचा मारा चतुर्थांशानें वाढतो, रात्रीं तितकाच घटतो, आणि भुतांच्या सैन्याचें नेमकें उलट. म्हणून शहाणा खेळाडू सायंकाळ होतांच आपली फळी गांवाच्या किंवा टेंकडीच्या आसऱ्यास मागें घेतो. घाईचें येथें कांहींच काम नाहीं. खेळ अर्धवट ठेवून जेवावयास गेलें तरी पट जागच्या जागीं राहतो, हें आयांच्या माहितीसाठीं मुद्दाम नमूद करतों. मध्येंच पैसे मागणारी पेटी नाहीं, रोज हजेरी न लावल्यास बुडणारें बक्षीस नाहीं.

जुन्या खेळांसही ह्या मोकळेपणानें जीवदान दिलें आहे. ख्रिस सॉयर ह्यांच्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ ह्या १९९४ सालच्या आगगाड्यांच्या खेळाची खुली आवृत्ति लुडविग स्ट्रिगेउस ह्यांनीं २००४ सालीं काढली. २०१० पासून तिला मूळ खेळांतील चित्रांचीही गरज उरली नाहीं. ‘झीरो ए.डी.’ ह्या प्राचीन युद्धांच्या खेळांत तर आपले मौर्य आहेत. चंद्रगुप्त आहे, अशोक आहे, लांकडें वाहणाऱ्यांच्या मदतीस हत्ती आहेत. चित्रें देखणीं, मात्र सैन्यें फार वाढलीं कीं खेळ रेंगाळतो, आणि जुन्या यंत्रावर तर बैलगाडीच होते. एकंदरीत खुल्या खेळांस मोठ्या कंपन्यांची झळाळी नाहीं, व कथानकें पुष्कळदां बाळबोध असतात. ज्यास झळाळीच हवी त्यानें प्रोटॉनकडे जावें.

विंडोज १० ची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्यामुळें अनेक घरीं धडधाकट संगणक अडगळींत जाण्याच्या बेतांत आहेत. त्यांवर लिनक्स चढवून वेस्नॉथ सुखानें खेळतां येईल. आणि ज्या मुलास खेळण्याहून पुढें जावयाचें असेल त्यानें वेस्नॉथचीच ‘डेटा’ नांवाची पेटी उघडावी. आंत प्रत्येक शिपायाचें वर्णन साध्या मजकुरांत लिहिलेलें सांपडेल: भालाईत, किंमत १४ मोहरा, प्राण ३६. मूळ फाइलीची एक प्रत बाजूस काढून ठेवावी, चौदाच्या जागीं चार लिहावे, आणि भालाईत इतके स्वस्त झाले असतां घोडेस्वारांचें काय होतें तें खेळून पाहावें.