ओबोला पहिली खुर्ची हवी

सिंफनी वाद्यवृंद ऐकायला गेलेल्या प्रत्येकाने ओबो ऐकलेला असतो. तो लक्षात मात्र फार थोड्यांच्या राहतो. कार्यक्रमाआधी ओबोवादक एक स्वर स्थिर धरतो आणि सगळा ताफा त्याच्याशी आपापली वाद्ये जुळवून घेतो. पुढे मैफलभर त्याच्या वाट्याला अधूनमधून चार ओळी येतात. ज्याच्या स्वरावर सगळे विसंबतात, त्याला निवांत ऐकायचे तर चेंबर म्युझिकची छोटी मैफलच हवी. अशा मैफली होतात त्या मुख्यतः पियानोच्या आणि व्हायोलिनच्या. ओबोला अग्रभागी बसवणारे कार्यक्रम विरळाच, आणि हा त्या वाद्यावर अन्याय आहे.

त्याच्यासाठी चांगले संगीतच नाही, ही सबब टिकणारी नाही. 1781 च्या सुरुवातीला मोझार्ट आपल्या ‘इडोमेनेओ’ या ऑपेरासाठी म्युनिकमध्ये होता. तिथल्या दरबारी वाद्यवृंदात फ्रीडरिश राम हा नामांकित ओबोवादक होता. त्याच्यासाठी मोझार्टने ओबो, व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचे क्वार्टेट लिहिले आणि पहिल्या व्हायोलिनची जागा ओबोला दिली. त्याचा मधला संथ भाग अवघ्या 37 बारांचा आहे, पण तेवढ्यात ओबो एखाद्या गायिकेसारखा मन मोकळे करतो. शेवटच्या भागात तर मोझार्टने कमालच केली आहे. तिन्ही तंतुवाद्ये सहा-आठच्या डौलात चाललेली असताना ओबो एकदम चार-चारमध्ये शिरतो आणि 13 बार आपल्याच वेगाने धावत राहतो. खाली दादरा चालू असताना वर कुणी केरवा धरावा, तसा हा प्रकार. लयकारीत मुरलेल्या आपल्या कानांना ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही. मोठ्या वाद्यवृंदात ती हरवली असती. चौघांच्या मैफलीत मात्र प्रत्येक धागा वेगळा ऐकू येतो.

असे संगीत जन्माला येते ते वादकामुळे. राम होता म्हणून हे क्वार्टेट झाले. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेच काम ओबोवादक लिऑन गूसन्स यांनी केले. 1932 मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधीच गूसन्स यांच्यासाठी ‘फॅन्टसी क्वार्टेट’ लिहिले. एकट्या चेलोच्या दबक्या पावलांनी ते सुरू होते, मग एकेक वाद्य सामील होते आणि सर्वांवरून ओबोचा लांब स्वर तरंगत येतो. 1962 मध्ये मोटार अपघातात गूसन्स यांच्या ओठांना आणि दातांना गंभीर इजा झाली. ओबोवादकाचे सारे कसब तिथेच असते. तरीही वयाच्या पासष्टीनंतर त्यांनी फुंक नव्याने बसवली आणि ते पुन्हा मंचावर आले.

हे कसब किती अवघड, तेही जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. ओबोच्या तोंडाशी बोरूसारख्या पोकळ नळीपासून केलेल्या दोन पातळ पात्या एकमेकींना बांधलेल्या असतात. बहुतेक व्यावसायिक वादक ही पत्ती स्वतः तासून करतात, आणि खपून केलेली पत्ती लवकरच निकामी होते. पात्यांमधली फट इतकी बारीक, की छातीतली हवा पुरती खर्चच होत नाही. म्हणून वादकाला आधी शिळी हवा बाहेर सोडून मग नवा श्वास घ्यावा लागतो. पुढच्या रांगेत बसले की हे दोन श्वास ऐकू येतात, आणि त्या गोड स्वरामागची मेहनत कळते.

ही मेहनत, महागडे वाद्य आणि पत्त्यांचा कायमचा खर्च यांमुळे मुले ओबोकडे वळताना बिचकतात. ब्रिटनसारख्या देशातही आता ओबो आणि बॅसून यांची गणना धोक्यात आलेल्या वाद्यांत होते. शिष्यवृत्त्या हव्यातच, पण मुलाने ते वाद्य हातात घ्यावे, यासाठी आधी ते कुणीतरी जीव ओतून वाजवताना त्याच्या कानी पडले पाहिजे. वाद्यवृंदातल्या चार ओळींनी ते होणार नाही.

आपल्याला तर हा स्वर परका वाटण्याचे कारणच नाही. सनईच्या तोंडाशीही अशीच दुहेरी पत्ती असते आणि तो स्वर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिवाय वाद्यवृंदही आपल्याकडे आहे: 2006 मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली ती मुंबईतच. तेव्हा पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम आखणाऱ्यांना सांगणे आहे, की वर्षाकाठी एक तरी संध्याकाळ ओबोला द्या. मोझार्ट आणि ब्रिटन यांची ही दोन क्वार्टेट्स आणि जोडीला संगीतकार पुलँकचा ओबो आणि पियानोसाठीचा सोनाटा, एवढ्यावर मैफल उभी राहते. वादकही पाचच लागतात. आणि रसिकांनी अशा कार्यक्रमाची जाहिरात दिसताच तिकीट काढावे, घरातल्या मुलांनाही बरोबर न्यावे. वाद्य टिकते ते ऐकणाऱ्यांमुळेच.