साडेनऊ हजारांचा गळ

ऑफिसातल्या एका मित्राने परवा मासेमारी 'सुरू' केली. म्हणजे काय, तर ९,५०० रुपयांचा रॉड आणि रील मागवलं. मासा अजून एकही नाही! वर मलाच विचारतो, बिगिनरने पुढचं मॉडेल कोणतं घ्यावं?

मंडळी, मी सिरसाळ्याचा. परळी तालुक्यातला दुष्काळी माणूस मासेमारीवर काय बोलणार, असं वाटलं ना? अहो, सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. दिवाळीत गावी गेलो की एक रविवार तिथे जातोच. सामान काय? बांबूची काठी, काठीएवढाच तंगूस, बारीक गळ, शिशाचा मणी आणि तरंगायला मोरपिसाची दांडी. शंभराच्या नोटेत सगळं बसतं, वर चहा.

रील वाईट असं नाही. लांब फेकायचं, मोठा मासा दमवायचा तर ते लागतंच. पण शिकाऊ माणसाला लांब फेकून करायचंय काय? त्याला कळायला हवी खोली. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्याप्रमाणे मोरपीस दोऱ्यावर वर-खाली सरकवायचं, बस्स. आमिषाला कणकेत शेंगदाण्याची पेंड. आणि दर मिनिटाला काठी उचलून बघायची नाही. हे शेवटचं आम्हा आयटीवाल्यांना सगळ्यात जड.

हे मला काठावरच्या एका भोई काकांनी शिकवलं. पहिल्या वेळी मीही महागडा रॉड घेऊनच गेलो होतो (हो, मीही!). काकांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "लई भारी हाय, पण मासा कुठं हाय ते ह्याला म्हाईत हाय का?"

माझा खरा राग इथेच आहे. किट विकत आणलं की कुणाला काही विचारायची गरज नाही, असं आम्हाला वाटतं. धरणा-तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते राव. बोटुकली पैसे घालून सोडलेली असतात. आपला छंद तो त्यांचं पोट. आम्ही मात्र गाडी लावतो, न विचारता रॉड उभे करतो, फोटो काढतो आणि तुटलेला तंगूस पाखरांच्या पायात अडकायला तिथेच टाकून येतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यांनी भरलेली मादी धरून मिरवणारे तर धन्यच!

असो. मित्राला म्हटलंय, रॉड परत कर. दिवाळीत चल माझ्याबरोबर, आधी काकांना विचारू. ते हो म्हणाले तर काठी मी देतो. येताना पेंड तेवढी तू आण.