झेब्र्याला रंगवले कुणी?

बादशहा जहांगीर याला नवलाईच्या चिजांचा आणि जनावरांचा भारी शौक. १६२१ साली नवरोजच्या दिवसांत त्याच्यापुढे एक अजब जनावर आणून उभे करण्यात आले. अंगलट रानगाढवाची, पण नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत आणि कानापासून खुरापर्यंत सारे अंग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेले. वाघ पिवळा नि काळा, हे पांढरे नि काळे! दरबारातल्या काहींना संशय आला, की हा रंग नंतर चढवलेला असणार. बादशहाला खूश करून बक्षिसी मिळवू पाहणाऱ्यांची त्या काळीही वाण नव्हती. कसून तपास झाला, पण रंग काही निघाला नाही. तेव्हा हा रंग देणारा चितारी प्रत्यक्ष परमेश्वरच, अशी नोंद जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली.

ते जनावर म्हणजे झेब्रा. मीर जाफर नावाच्या सरदाराने हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने आलेल्या लोकांकडून ते मिळवले होते. जहांगीरने आपला आवडता चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचे चित्र काढून घेतले आणि झेब्रा इराणच्या शाह अब्बासकडे पाठवायच्या नजराण्यात घातला. झेब्र्याचे पुढे काय झाले ते असो. चित्र मात्र आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यात मन्सूरने डोळ्याभोवतीची बारीक रेघसुद्धा सोडलेली नाही.

दरबाऱ्यांच्या संशयाला हसू नये. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील तिहुआना शहरात प्रवाशांना फोटो काढून घेण्यासाठी पट्टे रंगवलेली गाढवे कित्येक वर्षे रस्त्यावर उभी असत. आणि ‘हा रंग आला कुठून?’ हा दरबाऱ्यांचा प्रश्न तर शास्त्रज्ञांनाही दीडशे वर्षे छळत राहिला.

झेब्रा पांढरा आणि त्यावर काळे पट्टे, की काळा आणि त्यावर पांढरे पट्टे? घरोघरी मुले हा प्रश्न विचारतात आणि आईवडील विषय बदलतात. उत्तर अगदी साधे आहे. झेब्र्याच्या अंगावरचे सारे केस भादरले, तर खालची कातडी काळी निघेल, पांढऱ्या पट्ट्यांखालचीसुद्धा. केसाला काळा रंग देणाऱ्या पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. काळ्या पट्ट्यात हे काम चालू असते, पांढऱ्या पट्ट्यात ते बंद पाडलेले असते. म्हणजे पांढरा हा रंग ‘दिलेला’ नव्हे, काळा ‘अडवलेला’ आहे. २०१९ साली केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात एक शिंगरू दिसले. त्याचे अंग काळपट, आणि पट्ट्यांऐवजी त्यावर पांढरे ठिपके! रंग अडवण्याच्या कामात कुठे गफलत झाली, की असा प्रकार होतो. झेब्रा मुळात काळा, हे मानायला असे शिंगरू म्हणजे बोलका पुरावाच.

पट्ट्यांची आखणी होते ती आईच्या पोटात, आणि तीही फार लवकर. झेब्र्याची मादी सुमारे वर्षभर गाभण असते. परंतु गर्भ इनमिन काही आठवड्यांचा, बोटाच्या पेराएवढाही नसतो, तेव्हाच पट्ट्यांचा आराखडा पक्का होऊन जातो. रंग त्यात मागाहून भरला जातो. जोनाथन बार्ड या शास्त्रज्ञाने १९७७ साली याचा मोठा सुरेख हिशोब मांडला. झेब्र्याच्या तीन जाती आहेत. मैदानी झेब्र्याचे पट्टे रुंद आणि थोडे, पहाडी झेब्र्याचे त्याहून अरुंद, आणि ग्रेव्ही झेब्र्याचे तर लुगड्याच्या बारीक काठासारखे अरुंद आणि पुष्कळ. बार्डचे म्हणणे असे, की गर्भात पट्टे उमटतात तेव्हा तिन्ही जातींत दोन पट्ट्यांमधले अंतर सारखेच असते, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फरक असतो तो वेळेचा. मैदानी झेब्र्यात हे काम तिसऱ्या आठवड्यात उरकते, पहाडी झेब्र्यात चौथ्या आणि ग्रेव्हीत पाचव्या. गर्भ जितका लहान, तितके कमी पट्टे त्यावर मावतात, आणि अंग वाढेल तसे तेच पट्टे ताणून रुंद होतात. गर्भ मोठा होईपर्यंत थांबले, की पट्ट्यांची संख्या वाढते. फुग्यावर रेघा आधी मारून मग तो फुगवावा, आणि दुसरा थोडा फुगवून मग रेघा माराव्यात, तसेच हे.

दोन झेब्र्यांचे पट्टे कधीही हुबेहूब सारखे नसतात, जसे माणसाच्या अंगठ्याचे ठसे. ग्रेव्ही झेब्रे आता केनिया आणि इथिओपिया एवढ्याच देशांत, तेही सुमारे ३ हजारच उरले आहेत. केनियात २०१६ साली त्यांची गणती करताना सर्वसामान्य नागरिकांना कॅमेरे घेऊन बोलावण्यात आले. अट एकच : फोटो झेब्र्याच्या उजव्या बाजूचाच हवा. डावीकडचे पट्टे उजवीकडच्यांशी जुळत नाहीत, त्यामुळे एकच झेब्रा दोनदा मोजला जायचा! (जाता जाता : ग्रेव्ही हे नाव फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झ्यूल ग्रेव्ही यांचे. आफ्रिकेतल्या एका राजाने त्यांना असा झेब्रा भेट पाठवला होता.)

आता खरा प्रश्न. निसर्गाने हा एवढा खटाटोप केला कशासाठी?

सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर म्हणजे सिंह. पट्ट्यांमुळे झेब्रा गवतात लपतो, किंवा कळप पळताना सिंहाच्या डोळ्यांपुढे पट्टेच पट्टे नाचू लागतात आणि त्याची झेप चुकते, असे शाळेच्या पुस्तकांपासून सर्कशीच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे सांगितले गेले. उत्क्रांतिवादाचे दोन धुरंधर चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस यांचेही या बाबतीत एकमत नव्हते. संधिप्रकाशात पट्ट्यांमुळे झेब्रा दिसेनासा होतो, असे वॉलेसचे मत. तर उघड्या माळावर उभ्या राहणाऱ्या जनावराला पट्टे कसले लपवणार, अशी डार्विनला शंका. डार्विनची शंका खरी ठरली. सिंहाची नजर माणसापेक्षा अधू असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की दिवसा ५० मीटरच्या पलीकडून आणि संध्याकाळी ३० मीटरच्या पलीकडून सिंहाला झेब्र्याचे पट्टे दिसतच नाहीत. जे पट्टे शत्रूला दिसतच नाहीत, ते त्याला चकवणार कसे? आणि ते दिसण्याइतका सिंह जवळ आला, तर तोवर त्याला झेब्र्याचा वास आणि चाहूल दोन्ही लागलेली असते. सिंह झेब्रे भरपूर मारतात, हे तर सारेच जाणतात.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे अंगावर हवा खेळती राहून गारवा येतो, अशीही एक कल्पना होती. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी पाण्याने भरलेली पिंपे वेगवेगळ्या रंगांच्या कातड्यांत गुंडाळून उन्हात ठेवली. पट्ट्यांच्या पिंपातले पाणी काही वेगळे गार झाले नाही.

मग उरले कोण? उरली एक माशी.

गुरेढोरे पाळणाऱ्यांना घोडमाशी सांगावी लागत नाही. घरमाशीहून चांगलीच मोठी, घोंघावत येणारी ही माशी कातडीला कात्रीसारखी चीर पाडते आणि वर आलेले रक्त पिते. अंडी घालण्यासाठी मादीला रक्त हवे असते, म्हणून चावा घेते ती मादीच. बैल शेपटी आपटतो, पाय झाडतो, कातडी थरथरवतो, चरणे सोडून मान हलवत राहतो. दूध घटते, अंग धरत नाही. पण हा त्रास झाला वरवरचा. खरे भय असते ते या माश्या एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतात त्या रोगांचे. घोडे, उंट, गुरे यांना होणारा सर्रा हा रोग आपल्याकडे जुनाच. ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईलखान येथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जंतू पाहिले, आणि सर्राचे कारण प्रथमच माणसाला कळले.

आफ्रिकेत याच जंतूंचे भाऊबंद त्सेत्से नावाची माशी पसरवते. त्यातून होणाऱ्या नागाना रोगाने युरोपीय लोकांनी तिकडे नेलेले घोडे पटापट मेले. तेव्हा घोड्यांऐवजी झेब्र्यांनाच जुंपावे, असा घाट ब्रिटिशांनी आणि जर्मनांनी घालून पाहिला. वॉल्टर रॉथ्सचाइल्ड या श्रीमंत गृहस्थाने तर लंडनच्या रस्त्यांवरून झेब्र्यांची गाडी हाकून दाखवली. पण झेब्रा भलता बुजरा आणि कडकडून चावणारा. तो काही जू मानेना. मात्र घोडे मरत होते त्याच मुलखात झेब्रा सुखाने चरत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी होती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे टिम कॅरो यांनी ती ध्यानात ठेवली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या घोडा, गाढव आणि झेब्रा यांच्या सगळ्या जातींचे मुलूख नकाशावर मांडले, आणि त्यावर सिंह, जंगल, ऊन आणि माश्या यांचे नकाशे ठेवून पाहिले. २०१४ साली निघालेला निष्कर्ष असा, की पट्टे असण्याशी मेळ बसतो तो फक्त चावणाऱ्या माश्यांचा. त्यात झेब्र्याचे केस घोड्यापेक्षा आखूड. माशीची सोंड त्यातून सहज कातडीपर्यंत पोहोचते. म्हणजे संरक्षणाची सर्वांत जास्त गरज त्यालाच.

नकाशा झाला, आता प्रत्यक्ष पुरावा हवा. ब्रिटनमधल्या एका तबेल्यात झेब्रे आणि घोडे शेजारी शेजारी पाळले होते. तिथे कॅरो आणि मंडळींनी माश्यांचे चित्रीकरण केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मोठा गमतीचा आहे. माश्या दुरून झेब्र्याकडेही तितक्याच येत होत्या, जितक्या घोड्याकडे. वास तर दोघांनाही होता. पण बसायच्या क्षणी गडबड होई. घोड्यावर उतरताना माशी वेग कमी करून अलगद बसते. झेब्र्याजवळ मात्र तिला वेग आवरण्याचे भानच राहत नसे. ती एकतर अंगावर आपटे, नाहीतर सरळ पुढे निघून जाई. मग घोड्यांनाच एकदा काळी, एकदा पांढरी आणि एकदा पट्ट्यापट्ट्यांची झूल घालण्यात आली. पट्ट्यांच्या झुलीवर माश्या फारच कमी बसल्या. त्याच घोड्यांच्या उघड्या डोक्यावर मात्र नेहमीइतक्याच! झुलीला वास वेगळा असेल, या शंकेचे तोंड तिथेच बंद झाले.

उलट बाजूचा दाखला द्यायचा तर दक्षिण आफ्रिकेतल्या क्वागाचा. हा मैदानी झेब्र्याचाच भाऊ. पण तो थेट दक्षिणेच्या थंड, कोरड्या मुलखात राहायचा. तिथे त्सेत्से माशी नाही. त्याचे पट्टे डोके, मान आणि खांद्यांपुरतेच. मागचे अंग साधे तपकिरी, पाय पांढरे. गोऱ्या शेतकऱ्यांनी चराऊ रानासाठी आणि कातड्यासाठी त्याची इतकी शिकार केली, की शेवटची क्वागा मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली, तेव्हा आपल्यासमोर एक जात संपली, हेही कुणाला कळले नाही. १९८७ पासून तिथे कमी पट्ट्यांचे झेब्रे निवडून, पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पैदास करून क्वागासारखे दिसणारे कळप तयार करण्यात आले आहेत. दिसतात तसेच, पण नुसत्या झुलीवरून त्यांना क्वागा म्हणावे का, हा वाद मिटलेला नाही.

या साऱ्याचा गोठ्याशी संबंध जोडला तो जपानी संशोधकांनी. तोमोकी कोजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा काळ्या गायी घेतल्या आणि त्यांच्या अंगावर ब्रशने पांढरे पट्टे ओढले. पोळ्याला बैलांच्या पाठीवर गेरूचे ठिपके देणाऱ्या मराठी शेतकऱ्याला यात काही वावगे वाटणार नाही. नुसत्या रंगाच्या वासाने माश्या पळतात की काय, हे पाहण्यासाठी त्यांनी काळ्या गायींना काळ्याच रंगाचे पट्टेही ओढून पाहिले. त्याने काही साधले नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गायींवर मात्र माश्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, आणि त्यांचे शेपटी आपटणे, पाय झाडणेही कमी झाले. हा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे ‘इग नोबेल’ पारितोषिक त्याला २०२५ साली मिळाले.

कीटकनाशक नाही, दुधात उतरण्याची भीती नाही. फवारण्यांना माश्या सरावतात, तशा त्या पट्ट्यांना सरावल्याचे झेब्र्याच्या बाबतीत तरी दिसत नाही. अडचण आहे ती भलतीच साधी. प्रयोगातला रंग पाण्यात कालवायचा होता आणि तो थोड्याच दिवसांत निघून जाई. माश्यांचा हंगाम मात्र काही महिन्यांचा, आणि आपल्याकडे तो नेमका पावसाच्या दिवसांतला. गाईला न बाधणारा आणि तेवढे दिवस टिकणारा स्वस्त रंग हाती येईपर्यंत गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावाच लागणार.